खरी कमाई: मुलांच्या शाळेत गणपती ते डिसेंबरच्या सत्राची आखणी

गणपती उठले की शाळेचं वेळापत्रक एकदम दाटतं. तालुका पातळीवरच्या क्रीडा स्पर्धा, वाचन प्रेरणा दिन, सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, मग विज्ञान प्रदर्शन, आनंद मेळा, ध्वजदिन आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी. याच गर्दीत कुणीतरी म्हणतं, वाचनालयासाठी थोडा निधीही उभा करू. पुढे काय होतं ते बऱ्याच शाळांना माहीत आहे. मुलांच्या हातात पावती पुस्तकं जातात, ती शेजारीपाजारी आणि मामा-काकांकडे फिरतात आणि शेवटी निम्मी रक्कम आईवडीलच भरतात.

याला जुना आणि चांगला पर्याय आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली, आणि तिच्या पथकांमध्ये ‘खरी कमाई’ हा उपक्रम रुळलेला आहे. पैसा मागायचा नाही, काहीतरी करून मिळवायचा. ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट मुलं आठवडाभर घरोघरची कामं करून एकेक शिलिंग मिळवत, त्याच जातीची ही कल्पना. शाळेत स्काऊट पथक नसलं तरी ही पद्धत जशीच्या तशी वापरता येते. इथे पाचवी ते नववीच्या फक्त मुलग्यांची, साधारण ४०० पटाची शाळा धरली आहे. दहावीला यातून पूर्ण वगळावं. त्यांना ‘फक्त विक्रीच्या दिवशी या’ असंही सांगू नये, कारण ते फक्त त्या दिवशीपुरतं कधीच राहत नाही.

आधी पंचांग, मग कल्पना

आखणी दिवाळीपासून मागे मोजत करायची. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दिवाळीचा माल विकायचा असेल तर लोक तो वसुबारसेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत घेतात. नेमकी त्याच सुमारास प्रथम सत्र परीक्षा असते. बहुतेक उपक्रम इथेच फसतात. परीक्षा संपल्यावर करू म्हटलं की हातात चार दिवस उरतात आणि मग शिक्षकच रात्री बसून पणत्या रंगवतात.

म्हणून नियम एकच: माल परीक्षेच्या आधी तयार, विक्री परीक्षेनंतर. यंदा अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामध्ये पितृपंधरवडा येतो, २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. या दिवसांत अनेक घरांत नवी खरेदी टाळतात, त्यामुळे विक्री किंवा नोंदणी सुरू करू नये. कामाला मात्र हे पंधरा दिवस उत्तम. घरी सण नाहीत, परीक्षा अजून लांब आहे. ऑर्डरची नोंदणी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत घ्यावी आणि माल परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी व त्यानंतरच्या पालक सभेत द्यावा.

गणपतीच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरलेल्या हव्यात. पैसा कशासाठी हवा, किती हवा आणि हिशोब कोण ठेवणार. ‘शाळेच्या विकासासाठी’ म्हटलं की पालक मान डोलावतात आणि निघून जातात. ‘वाचनालयाला दोन लोखंडी कपाटं, २२,००० रुपये’ म्हटलं की माणूस दोन पाकिटं जास्त घेतो. कपाटाचं दुकानदाराकडचं दरपत्रक फलकावर लावून टाकावं.

काय बनवावं आणि काय बनवू नये

उटण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. अंगाला लावायचा माल विक्रीसाठी तयार करायला परवाना लागतो, आणि एखाद्या लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तर उत्तर शाळेला द्यावं लागतं. फराळाचे पदार्थही नकोत: तेलाचा खर्च, टिकण्याची शंका आणि घरोघरच्या चकलीशी स्पर्धा. मेणबत्त्यांमध्ये गरम मेण येतं, ते ४० मुलांच्या वर्गात सांभाळता येत नाही. फटाक्यांचा तर प्रश्नच नको.

उरतात पणत्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या आणि भेटकार्डं. पाचवी-सहावीला पिशव्या व कार्डं, सातवीला पणत्या, आठवी-नववीला कंदील अशी वाटणी बरी पडते. चारही गोष्टी करायलाच हव्यात असं नाही. पहिल्या वर्षी पणत्या आणि थोडे कंदील एवढं पुरे.

पणत्या: वाळण्याला घाई नाही

१०० संच, प्रत्येकी ६ पणत्या, असा अंदाज धरू. म्हणजे ६०० पणत्या लागतात, पण कुंभाराकडून ६६० घ्याव्यात. वाहतुकीत फुटणाऱ्या, तळ डगमगणाऱ्या आणि गळणाऱ्या मिळून शेकडा आठ-दहा जातातच. एका आकाराच्या मागाव्यात, नाहीतर खोक्यात बसत नाहीत. ऑर्डर ऑगस्टमध्येच द्यावी. सप्टेंबरात पाऊस लांबला तर कुंभाराची भट्टीही लांबते.

पणत्या आल्यावर चार तास पाण्यात बुडवून ठेवा. वरची धूळ आणि सुटी माती निघून जाते, शिवाय पाण्यातून काढल्यावर बारीक तडा स्पष्ट दिसतो. मग गळतीची चाचणी: पणती पाण्याने भरून जुन्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवायची. खाली साधा ओलसरपणा येणं ठीक, थेंबाचा डाग पडला तर ती बाजूला. आता पंख्याखाली पूर्ण दोन दिवस वाळवा, हवा दमट असेल तर तीन. हा टप्पा आवरता घेतला की रंग वरून सुकलेला दिसतो आणि आठवड्याने पापुद्रे धरून सुटतो, कारण आत अडकलेलं पाणी त्याला बाहेर ढकलतं.

रंग ॲक्रिलिकच घ्या. पोस्टर रंग ओल्या हाताला लागतो. आधी पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात, तो सुकल्यावर मुख्य रंग, मग नक्षी. वात जिथे टेकते त्या चोचीपासून एक सेंटीमीटर आणि पणतीची आतली बाजू कोरी ठेवायची. तिथला रंग ज्योतीने जळतो आणि घाणेरडा वास येतो. वरून वॉर्निश मारण्याची सूचना कुणीतरी करेलच. ती मानू नका, वॉर्निश पेट घेऊ शकतं.

एका मुलाने एक पणती पूर्ण करायची पद्धत वर्गात चालत नाही. रांग लावावी: दोघं पांढरा हात देणारे, तिघं मुख्य रंगाचे, तिघं नक्षीचे, एक वाळवणीवर लक्ष ठेवणारा. नक्षी तीनच नमुन्यांची ठेवा आणि एका संचात एकच नमुना. मुलांना प्रत्येक पणती वेगळी करायची असते, पण घेणाऱ्याला जुळणारा संच हवा असतो. ज्यांना स्वतःची कल्पना लढवायची आहे त्यांना शेवटी उरलेल्या पणत्या द्याव्यात. त्या हमखास आधी विकल्या जातात, ही गंमत वेगळी.

कंदील: सहा चौकोन, चोवीस काड्या

बांबूच्या काड्यांचा पारंपरिक कंदील आठवी-नववीच्या मुलांच्या हाताला बरोबर बसतो. तो नीट पाहिला तर भूमितीचा पाठच आहे. सहा सारखे चौकोन कोपऱ्याला कोपरा जोडले की मधल्या मोकळ्या जागांत आपोआप आठ समभुज त्रिकोण तयार होतात.

एका कंदिलाला २४ काड्या लागतात. चौकोनाची बाजू २० सेंटीमीटर धरली तर काडी २२ सेंटीमीटरची कापा, दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर बांधणीसाठी. सहा फुटी कामटीतून, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्टीतून, आठ काड्या निघतात, म्हणजे तीन कामट्या पुरतात. पण पेरावर कामटी मोडते, म्हणून कंदिलामागे चार घ्याव्यात. रुंदी ४ ते ५ मिलिमीटर. हिरवा बांबू नको. तो वाळताना आकसतो आणि गाठी सैल होतात. काड्यांच्या कडा खरकागदाने घासून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी चार मुलांच्या बोटांत कुसळं जातील.

पहिली पायरी, चौकोन. चार काड्या टोकाला टोक आडवी टाकून मेणाच्या दोऱ्याने फुली गाठ मारायची. बांधल्यावर दोन्ही कर्ण मोजा: ते २८.३ सेंटीमीटरच्या आसपास आणि एकमेकांइतके हवेत. बाजू सारख्या असल्या तरी चौकोन तिरका होऊन समभुज चौकोन बनू शकतो. असा एक जरी आत गेला तरी पुढे कंदील एका अंगाला कलतो आणि तेव्हा दुरुस्ती होत नाही. मोजून झालं की गाठीवर डिंकाचा थेंब सोडा.

दुसरी पायरी, कडं. चार चौकोन पत्त्यातल्या चौकटसारखे टोकावर उभे धरायचे आणि आडव्या टोकांना एकमेकांशी बांधून गोल करायचा. हे कडं या टप्प्यावर लुळं पडतं, मुलं घाबरून सगळं सोडायला घेतात. सोडू नये. पाचवा चौकोन वर आडवा ठेवून त्याचे चार कोपरे वरच्या चार टोकांना बांधले की सांगाडा ताठ होतो. उलटा करून सहावा खाली तसाच बांधायचा. वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंतची उंची साधारण २८ सेंटीमीटर भरते. कुठे २६ आणि कुठे ३० आली तर कोणती तरी गाठ घसरली आहे.

तिसरी पायरी, कागद. पतंगाचा कागद ५० × ७५ सेंटीमीटरचा असेल तर एका तावातून २२ सेंटीमीटरचे सहा चौकोन निघतात. वरचा-खालचा चौकोन उघडा ठेवायचा असल्याने लागतात चारच, म्हणजे तीन कंदिलांना दोन ताव. त्रिकोण दुसऱ्या रंगाचे: दुमडीसह बाजू साडेतेवीस सेंटीमीटर, उलटसुलट मांडून कापले की एका तावात दहा बसतात, लागतात आठ. आधी त्रिकोण चिकटवा, मग चौकोन. चौकोनांच्या दुमडी त्रिकोणांच्या कडा झाकतात आणि काम स्वच्छ दिसतं.

चिकटवायला खळ सर्वांत चांगली: एक वाटी मैदा थंड पाण्यात कालवून एकूण पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. बाजारचा पांढरा डिंक घट्ट लावला की पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. वापरायचाच तर निम्मं पाणी घाला. खळ रोजची रोज करा, दुसऱ्या दिवशी ती आंबते. तिच्यावर उंदीर आणि झुरळंही येतात, म्हणून तयार कंदील जमिनीवर किंवा कपाटात न ठेवता वर्गाच्या दोन भिंतींमध्ये दोरी बांधून टांगावेत. मोडून ठेवता येत नसल्यामुळे ४० कंदिलांना एक अख्खी खोली लागते. ती कोणती, हे मुख्याध्यापकांकडून आधीच वदवून घ्या.

खालच्या चौकोनाला ४५ सेंटीमीटर लांबीच्या १२ झिरमिळ्या आणि वरच्या चौकोनावर दिव्यासाठी एक आडवी काडी. वायर व दिवा शाळेने देऊ नये. ‘५ वॅटपर्यंतचा एलईडी दिवाच लावा’ अशी चिठ्ठी मात्र प्रत्येक कंदिलाला बांधा, जुना पिवळा दिवा कागद करपवतो.

चार मुलांचा एक गट, दोन-दोन तासिकांच्या तीन बैठका, एक कंदील. दुसरा कंदील त्याच गटाकडून निम्म्या वेळात होतो. २० गट केले, म्हणजे ८० मुलं, तर पितृपंधरवड्यात ४० कंदील सहज उभे राहतात.

किंमत कशी ठरवायची

पणत्यांचं उदाहरण घेऊ. दर गावोगावी बदलतील, रीत तीच.

६६० पणत्या प्रत्येकी ३ रुपये: १,९८० रुपये
रंग: १,२०० रुपये
ब्रश: ४०० रुपये
१०० खोकी प्रत्येकी ८ रुपये: ८०० रुपये
लेबलं, चिकटपट्टी: २२० रुपये
एकूण: ४,६०० रुपये

म्हणजे संचाला ४६ रुपये खर्च. ९० रुपयांना विकला तर ५२ संच गेल्यावर खर्च निघतो, त्यापुढचं सगळं कमाई. सगळे १०० गेले तर ४,४०० रुपये उरतात. पण सगळे जात नाहीत असं धरूनच चाला: ८० पूर्ण किमतीला आणि २० शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीला गेले तर हातात ३,५०० येतात. वरच्या २२,००० च्या कपाटांचं गणित मांडताना हाच आकडा घ्या. किंमत १० च्या पटीत ठेवावी. ८५ रुपये ठेवले की दर गिऱ्हाइकामागे पाच रुपयांच्या नाण्याचा शोध सुरू होतो.

वाया जाणारा खर्च जवळजवळ नेहमी खोक्यांत आणि छपाईत असतो. चार रंगी लेबलाऐवजी शाळेचा शिक्का आणि मुलाच्या अक्षरातलं ‘इयत्ता ७ वी’ जास्त खपतं.

विक्री आणि रोकड

मुलांना दारोदार, सिग्नलला किंवा बाजारात एकट्याने पाठवायचं नाही. विक्रीच्या जागा तीन: शाळेचं फाटक, पालक सभा आणि परवानगी घेतलेली एखादी सोसायटी किंवा बँकेची शाखा, तिथे एक शिक्षक आणि एक पालक सोबत. मेजावर चार मुलं हवीत: एक माल दाखवणारा, एक पावती लिहिणारा, एक पैसे घेणारा, एक बांधून देणारा. दर तासाने कामं बदलावीत. बोलका मुलगा दिवसभर पुढे आणि लाजरा दिवसभर खोकी बांधतोय, असं झालं तर उपक्रमातला निम्मा अर्थ गेला.

सुटे म्हणून ५०० रुपये घेऊन बसा: १० ची २० नाणी, २० च्या १० नोटा, ५० च्या २ नोटा. ही रक्कम वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर संध्याकाळी ती विक्रीत मिसळते. क्यूआर कोड शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्याचाच असावा. एखाद्या सरांच्या स्वतःच्या खात्यावर तात्पुरते घेतलेले पैसे कितीही सचोटीचे असले तरी पुढे त्यावर बोललं जातंच. गिऱ्हाइकाने दाखवलेला पडद्यावरचा फोटो म्हणजे पैसे जमा झाले असं नव्हे, खात्याचा संदेश किंवा ध्वनियंत्राची सूचना आल्यावरच माल द्या.

रोज संध्याकाळी मोजणी दोन मोठ्या माणसांसमोर आणि दोन मुलांच्या हातून. सकाळचा माल वजा उरलेला माल, गुणिले किंमत: हा आकडा रोख अधिक ऑनलाइन जमेशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर फरक तसाच लिहावा, खिशातून भरून काढू नये. रोख दुसऱ्या दिवशी बँकेत.

कुणी वस्तू न घेता देणगी देऊ केली तर ती वेगळी. तिची पावती संस्थेच्या देणगी पुस्तकातूनच फाडावी. प्राप्तिकरात देणगीची सवलत (जुन्या कायद्यातलं कलम ८० जी) हवी असणाऱ्याला सांगा की २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, धनादेश किंवा ऑनलाइन द्या. सक्तीचं तर नावच नको. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने शाळांना प्रवेशाच्या वेळी देणगी घ्यायला मनाई केली आहे, आणि ‘ऐच्छिक’ म्हणून वर्गशिक्षकाने यादी वाचून दाखवली की पालकांना दोन्हींत फरक दिसत नाही. मुलामागे विक्रीचं लक्ष्य आणि ‘सर्वाधिक विक्री’चं बक्षीस, दोन्ही बंद. ते बक्षीस मुलाच्या हुशारीला मिळत नाही, बापाच्या ओळखींना मिळतं.

दिवाळीनंतर: आनंद मेळा

२०२६ मध्ये १४ नोव्हेंबरचा बालदिन बहुतेक शाळांत सुट्टीतच जाईल. त्यामुळे मेळा २८ नोव्हेंबरच्या शनिवारी ठेवणं सोयीचं. शाळेच्या आवारात तेल, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ मुलांना विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, म्हणून वडापाव आणि थंड पेयांची नेहमीची यादी बदला. मटकी भेळ, उकडलेली मक्याची कणसं, फळांच्या फोडी, ताक हे सगळं मुलं स्वतः करू शकतात. मुलांच्या शाळेत स्वयंपाकाचं काम आयांवर ढकलण्याची सवय असते. कांदा नववीतल्या मुलांनीच चिरावा.

१०० प्लेट मटकी भेळेला: चुरमुरे ४ किलो, मटकी सव्वा किलो, उकडलेले बटाटे ३ किलो, कांदे २ किलो, टोमॅटो दीड किलो, चिंच अर्धा किलो आणि गूळ पाऊण किलो यांची २ लिटर चटणी, कोथिंबीर ४ जुड्या, शेव वरून भुरभुरायला अर्धा किलो. मटकी गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधा. नोव्हेंबरच्या थंडीत मोड उशिरा येतात, म्हणून पुरचुंडी डब्यात घालून उबदार जागी ठेवा. शनिवारी सकाळी दहा मिनिटं वाफवा, कच्ची देऊ नका. भेळ आधी कालवून ठेवली की दहा मिनिटांत लगदा होतो. एका वेळी पाचच प्लेट कालवायच्या. चुरमुऱ्यांची पिशवी घट्ट बांधलेली राहील यासाठी एक मुलगा नेमावा.

मेळ्यात रोख नको, कुपनं ठेवा: ५ आणि १० रुपयांची, क्रमांक घातलेली, शिक्का मारलेली, दोन वेगळ्या रंगांची. साध्या कागदावरची कुपनं अकरा वाजेपर्यंत झेरॉक्स होऊन परत येतात. मुलांच्या शाळेत तर नक्कीच. उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळतील की नाही, हे खिडकीवरच मोठ्या अक्षरांत लिहा. प्रत्येक गटाने आपला खर्च आधी कागदावर दाखवावा आणि दिवसाअखेरीस कुपनं मोजून द्यावीत. खर्च वजा जाऊन उरलेलं निधीत.

ध्वजदिन आणि हिशोबाचा फलक

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्याचा निधी शाळेच्या कपाटांचा नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून येणारे ध्वज, त्याची पेटी आणि त्याची वही पूर्ण वेगळी ठेवावी. २०२६ मध्ये तो सोमवारी आहे, म्हणजे मेळ्यानंतर नऊ दिवसांनी. पालकांकडे लागोपाठ तिसऱ्यांदा हात पसरल्यासारखं होऊ नये म्हणून घरून रक्कम आणायला सांगण्याऐवजी परिपाठाला दिवसाचं महत्त्व सांगून फाटकावर मोहोरबंद पेटी ठेवावी. पेटी दोन साक्षीदारांसमोर उघडा, रक्कम पावती घेऊन पूर्णच्या पूर्ण जमा करा.

हिशोब डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूचना फलकावर लागला पाहिजे. जमा, खर्च, शिल्लक, न विकलेला माल आणि जुळणीत आलेला फरकसुद्धा. लिहायला नववीची दोन मुलं, तपासायला गणिताचे शिक्षक, सही मुख्याध्यापकांची. रक्कम कमी पडली असेल तर दोनाऐवजी एकच कपाट घ्यावं आणि तसं फलकावर लिहावं. उरलेले ब्रश धुऊन, रंगांची झाकणं घट्ट लावून, कुंभाराचा आणि कामटीवाल्याचा पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे पुढच्या खेपेला सगळं दहा दिवस आधी सुरू करावं लागेल.